जनकघराचा शोध (बडोदे)

दत्तक गेलेल्या पूर्वजाचे जन्मदाते आईबाप मूळ कागदांवरून ठरविणे. जन्म देणारा तो जनक पिता, दत्तक घेणारा तो पालक पिता. बडोद्याच्या मराठी घराण्यांत इनाम किंवा नेमणूक (दरबाराकडून मिळणारा तनखा) बंद पडू नये म्हणून बहुधा भावाचा, चुलतभावाचा मुलगाच मांडीवर घेत. अशा वेळी आडनाव, गोत्र, कुलदैवत सारे तेच राहते. बदलते फक्त मधले नाव. घोटाळा होतो तो तिथेच.

खुद्द गादीचेच पाहा. महाराज मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर त्यांचे थोरले भाऊ खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी कवळाण्याच्या काशीरावांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच तिसरे सयाजीराव. कागदोपत्री वडील खंडेराव, आणि ते तर १८७० मध्येच वारले होते. विधवेने घेतलेल्या दत्तकात हे असेच व्हायचे. म्हणून मुलाचा जन्म 'वडिलां'च्या मृत्यूनंतर दोन-चार वर्षांनी पडला, तर नोंद चुकली म्हणण्याआधी दत्तपत्र शोधावे.

जुन्या मोडी कागदात 'गणेश बिन विठ्ठल' असे लिहितात. 'बिन' म्हणजे चा मुलगा. तोच गणेश दुसरीकडे 'बिन महादेव' निघाला, तर दोन्ही खरे असू शकतात. आधी तारखा लावाव्यात. शकात ७८ मिळवले की इसवी सन साधारण जुळतो. गुजराती संवत मात्र कार्तिकात बदलतो, त्यामुळे एका वर्षाची चूक सहज होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, शब्दही सलग असतात. नाव ओळखीचे वाटले की डोळा भलतेच वाचतो.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या, यजमानांच्या वंशावळी लिहिलेल्या वह्यांना तोड नाही. यजमान स्वतःच्या हाताने बाप, आजा, भाऊ, मूळ गाव लिहून सही करतो. पालकघराच्या पानावर थांबू नये. पालक पित्याच्या सख्ख्या भावांचे पानही काढवून घ्यावे. शाळेचे रजिस्टर उपयोगी, पण त्यातली जन्मतारीख बेताचीच विश्वासाची.

घरच्या पत्रांत 'चिरंजीव' पुतण्यालाही लिहितात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. मायना, म्हणजे पत्राच्या सुरुवातीचे संबोधन, मात्र नीट पाहावा. काटेकोर लिहिणारा बापाला 'तीर्थरूप' लिहितो, बापासारख्या परक्या वडीलधाऱ्याला 'तीर्थस्वरूप'. जनकघराशी सोयरीक दत्तकालाही वर्ज्यच, त्यामुळे लग्न जुळवताना कुणीतरी जनकघराचे नाव काढलेले असते. घरातल्या म्हाताऱ्या आत्याला ते अजून आठवत असेल.