पुढचा भाग येईपर्यंत

सुपरहिरोंच्या ॲनिमेशन मालिकेचा नवा भाग आला की पहिल्या दोन-तीन तासांत ग्रुपवर पडतं ते बहुतेक ‘लई भारी’, ‘रडवलं राव’ आणि स्क्रीनशॉट, एवढंच. खरी प्रतिक्रिया पुढच्या सहा दिवसांत शिजते. अंदाज बांधले जातात, मागचे भाग पुन्हा काढून पाहिले जातात, कॉमिक वाचलेला कुणीतरी अर्धवट बोलून जातो आणि भांडण लागतं. म्हणून या प्रतिक्रियांचा मागोवा घ्यायचा तर मालिकांइतकाच दोन भागांमधल्या खंडाचाही घ्यावा लागतो. मराठवाड्यात हा खंड आधी होता, मग केबलने आणि भारनियमनाने त्याची वाट लावली, आणि गेल्या काही वर्षांत तो परत आला.

भागाभागाने ऐकायची सवय इथे टीव्हीच्या कितीतरी आधीची. अधिक महिन्यात किंवा श्रावणात गावात पोथी लागते. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, रोज एक-दोन अध्याय. श्रीधरांचा ‘हरिविजय’ ३६ अध्यायांचा, ‘रामविजय’ ४०, ‘पांडवप्रताप’ ६४; म्हणजे महिना-दोन महिन्यांचा ऐवज. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. तरी अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला आणि त्या रात्री पोथी बांधली, की दुसऱ्या दिवशी पारावर दुसरा विषय निघत नाही. पैठणच्या एकनाथांचं ‘भावार्थरामायण’ तर युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायावर अपुरं राहिलं आणि पुढचं त्यांचे शिष्य गावबा यांनी पूर्ण केलं. एकाचा हात कुठे थांबला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, हा प्रश्न आजच्या प्रेक्षकालाही सुटलेला नाही. ‘एक्स-मेन ९७’ या २०२४च्या अमेरिकन सुपरहिरो ॲनिमेशन मालिकेचे मुख्य लेखक बो डिमेयो यांना मालिका सुरू होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी काढलं गेलं. पुढचं लेखन मॅथ्यू चॉन्सी यांच्याकडे गेल्याचं कळलं तेव्हा चाहत्यांनी पहिली चर्चा केली ती याचीच.

छापील अंकांनी खंड महिन्यावर नेला. १९६४मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्तीतून वेताळ (फँटम) आणि जादूगार मँड्रेक इथल्या घरांत पोचले, पण वाचकाचं म्हणणं वर्गमित्रांच्या पलीकडे जात नव्हतं. अमेरिकन कॉमिकच्या शेवटी मात्र वाचकांच्या पत्रांचं पान असे. आवडलं-नावडलं, चूक सापडली, पुढे काय होईल, सगळं तिथे छापून यायचं आणि लेखक उत्तर द्यायचे. २००३मध्ये निघालेल्या ‘इन्व्हिन्सिबल’ या सुपरहिरो कॉमिकमध्येही असं पान होतं. आजची भागागणिक प्रतिक्रिया त्या पानाची थेट वारस आहे.

शक्तिमान ॲनिमेशन नव्हे, पण त्याला वगळून पुढे जाता येत नाही. १३ सप्टेंबर १९९७ला दूरदर्शनवर आलेली ही मालिका २००५पर्यंत चालली. वीज नसली की ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून तिच्यावर छोटा कृष्णधवल टीव्ही लावला जायचा आणि ओसरीवर गल्लीतली सगळी लेकरं जमायची. बॅटरी उतरली तर सकाळी ट्रॅक्टर ढकलून चालू करायचा. भाग संपता संपता ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ यायचं आणि चुकलेलं पोर ‘सॉरी शक्तिमान’ म्हणायचं. लेकरांनी केलेल्या नकलेतून अपघात झाल्याच्या बातम्या आल्या, त्यांच्या खरेखोटेपणावर वाद झाला, आणि मुकेश खन्ना यांना पडद्यावरून ‘नक्कल करू नका’ असं सांगावं लागलं. प्रेक्षकाची प्रतिक्रिया मालिकेत शिरल्याचं आपल्याकडचं हे ठळक उदाहरण.

अमेरिकेत याची गोड बाजू आधीच दिसली होती. १९९२च्या बॅटमॅन ॲनिमेशनमध्ये हार्ली क्विन ११ सप्टेंबरच्या भागात जोकरची साथीदार म्हणून आली. पात्र आवडलं, परत आणलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी कॉमिकमध्ये गेलं. नेहमीच्या उलट दिशेचा हा प्रवास.

मग केबल आली. कार्टून नेटवर्क भारतात १९९५चं. हिंदी डबिंग सुरू झाल्यावर ते तालुक्याच्या गावांतही पाहिलं जाऊ लागलं. ‘जस्टिस लीग’, ‘टीन टायटन्स’, ‘बेन १०’ ही नावं त्या पिढीला घरातल्यासारखी पाठ आहेत. पण त्यांची मतं ऐकली तर ती विचित्र तुटक निघतात. ‘जस्टिस लीग’च्या पहिल्या दोन पर्वांत ५२ भाग आहेत आणि नाताळचा ‘कम्फर्ट अँड जॉय’ सोडला तर प्रत्येक कथा दोन किंवा तीन भागांची. वाहिनी त्यांचं पुनःप्रसारण कधीही, कुठूनही करायची. त्यात २००५नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या गावांना रोजचं कित्येक तासांचं भारनियमन, आणि वेळापत्रक आठवड्याला बदलणारं. पहिला भाग दिसला तर दुसऱ्याला वीज नाही. ‘स्टारक्रॉस्ड’ या तीन भागांच्या शेवटात हॉकगर्ल ही लीगमधली नायिका आपल्याच साथीदारांवर हेरगिरी करत होती हे उघड होतं. मधला भाग हुकलेल्याला ती आधी मैत्रीण आणि नंतर एकदम गुन्हेगार दिसायची. दुसऱ्या फीडरवर, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीवर, घर असलेला मित्र दुसऱ्या दिवशी शाळेत उरलेलं सांगायचा, आणि त्यात स्वतःची भर घालायचा. त्या काळातली निम्मी ‘आठवण’ मूळ भागात नसतेच, याचं कारण हे. ‘तो सीन होता, मी पाहिलाय’ असं कुणी ठासून सांगितलं तर आधी भाग काढून पाहावा.

पुढचा टप्पा स्टँडजवळच्या मोबाइल दुकानांचा. मेमरी कार्ड दिलं की दहा-वीस रुपयांत भरून मिळायचं. चोरीचाच माल, पण क्रमाने सगळे भाग एका ठिकाणी पहिल्यांदा मिळाले ते इथेच. खंड मात्र उरला नाही. ‘यंग जस्टिस’ ही सुपरहिरो ॲनिमेशन मालिका २०१३मध्ये बंद झाली. खेळणी खपली नाहीत आणि खेळणी कंपनीचा पैसा आटला, असं कारण तिच्या निर्मात्यांनी सांगितलं. चाहत्यांनी मोहीम चालवली, स्ट्रीमिंगवर पुन्हा पुन्हा भाग पाहिले, आणि नोव्हेंबर २०१६मध्ये तिसऱ्या पर्वाची घोषणा झाली. ते जानेवारी २०१९मध्ये आलं. कार्डावरून पाहणाऱ्याचा या मोजणीत एक आकडासुद्धा पडत नव्हता.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि डेटाचे भाव कोसळले. तोवर नेटफ्लिक्सने २०१३पासून सगळं पर्व एका दिवशी टाकायची पद्धत रुळवली होती. ‘द लेजंड ऑफ हनुमान’ या भारतीय ॲनिमेशन मालिकेचं पहिलं पर्वही २९ जानेवारी २०२१ला सगळे १३ भाग घेऊन आलं. एका रात्रीत पाहून झालं की प्रतिक्रिया शेवटावर येते, मधल्या दहा भागांबद्दल कुणी बोलत नाही. हनुमानाच्या बाबतीत तेही फारसं खटकलं नाही, कारण ‘पुढे काय’ हा प्रश्नच नव्हता. ‘कसं दाखवलं’ एवढंच पाहायचं होतं.

‘इन्व्हिन्सिबल’च्या कॉमिकवरून प्राइम व्हिडिओवर आलेल्या ॲनिमेशन मालिकेने आठवड्याची शिस्त परत आणली. २६ मार्च २०२१ला पहिले तीन भाग एकदम, मग दर आठवड्याला एक, आणि आठवा ३० एप्रिलला. इकडे करोनाची दुसरी लाट, लातूर-नांदेडचे क्लास बंद, होस्टेलची पोरं गावी परतलेली. त्याच जानेवारीत प्राइम व्हिडिओचा एका मोबाइलपुरता, एसडी म्हणजे साध्या चित्रदर्जाचा, ८९ रुपयांपासूनचा प्लॅन एअरटेलसोबत निघाला होता. बसायला वेळ, हातात मोबाइल आणि परवडणारं सभासदत्व एकत्र आल्यावर गावागावांत या मालिकेचा प्रेक्षक तयार झाला.

पहिला भाग मुद्दाम साध्या सुपरहिरो कार्टूनसारखा चालतो. श्रेयनामावली सुरू होते, आणि तिच्यानंतर नायक मार्कचा बाप, सुपरहिरो ओम्नी-मॅन, आपल्याच साथीदारांना, गार्डियन्स ऑफ द ग्लोबला, ठार करतो. कॉमिकमध्ये हे सातव्या अंकात येतं. मालिकेने पहिल्याच भागाच्या शेवटी ठेवलं. नावं सुरू झाली म्हणून बंद करणाऱ्यांनी हा प्रसंग पाहिलाच नाही आणि ‘लेकरांचं कार्टून आहे’ असा शेरा मारून ते मोकळे झाले. म्हणून पहिल्या भागावरचं मत वाचताना लिहिणाऱ्याने शेवट पाहिला होता का, हे आधी तपासावं. दुसरी जागा शीर्षकाची: एखादं पात्र ‘इन्व्हिन्सिबल’ शब्द उच्चारायला जातं आणि तो ऐकू येण्याऐवजी पडदाभर नाव येतं. पहिल्या पर्वात त्या नावावरचं रक्त भागागणिक वाढत जातं. सहा इंची पडद्यावर, एसडीमध्ये, सुरुवातीचे शिंतोडे दिसत नाहीत. मोठ्या टीव्हीवर पाहणारे त्यावर बोलू लागले तेव्हा अनेकांनी मागे जाऊन पाहिलं.

दुसऱ्या पर्वाने खंडाची मर्यादाही दाखवली. ३ नोव्हेंबर २०२३पासून चार भाग, मग थेट १४ मार्च २०२४ला पाचवा. आठवडा उत्सुकता वाढवतो. साडेतीन महिने ती विझवतात. परत आल्यावर बऱ्याच जणांना चौथ्या भागात काय झालं तेच आठवेना. याच पर्वात चित्रांचा दर्जा घसरल्याची तक्रार जोरात होती, आणि मालिकेने तिची थट्टा मालिकेतच केली. कॉमिक संमेलनात मार्कला एक चित्रकार पैसे वाचवायच्या युक्त्या सांगतो: तोंड झाकलेलं किंवा पाठमोरं दाखवा, एका स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवा. आणि तो सांगत असतानाच पडद्यावर त्याच युक्त्या चालू असतात. सेकंदाला २४ फ्रेम, त्यात साधारणपणे दोन फ्रेमना एक चित्र, म्हणजे १२ चित्रं. बोलण्याच्या प्रसंगात ओठ सोडून काही हलवायचं नाही, तेव्हाच मारामारीला पैसा उरतो. त्यामुळे ‘ॲनिमेशन बिघडलं’ म्हणताना प्रसंग बोलण्याचा होता की मारामारीचा, हे लिहिलं तर तक्रारीला वजन येतं.

‘एक्स-मेन ९७’ २० मार्च २०२४ला दोन भागांनी सुरू झाली आणि १५ मेला दहाव्या भागावर संपली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळवार संपून मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे बुधवारचे दुपारचे साडेबारा. पाचवा भाग १० एप्रिलला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आला. जेनोशा बेटावर सेंटिनेल या यंत्रमानवाचा हल्ला होतो, गॅम्बिट हा नायक मरतो, आणि ‘रोग’ नावाची नायिका त्याला कवटाळून बसते. १९९२च्या मूळ मालिकेच्या जुन्या प्रेक्षकांनाही हे अपेक्षित नव्हतं, कारण तिथे मुख्य पात्रं सहसा वाचत. संध्याकाळी कामावरून येऊन पाहू म्हणणाऱ्यांचा भाग दुपारीच फुटला. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा ५ मेला होती. लातूरच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांनी त्या महिन्यात मालिकेचे ग्रुप म्यूट करून ठेवणं स्वाभाविकच.

परीक्षा ही इथली कायमची अडचण. ‘इन्व्हिन्सिबल’चं तिसरं पर्व ६ फेब्रुवारी २०२५ला आलं, बारावीचे पेपर ११ला आणि दहावीचे २१ला सुरू. शेवटचा भाग १३ मार्चला, होळीच्या दिवशी. महानगरातल्या यूट्यूब वाहिन्यांवर ज्या दिवशी चर्चा संपली, त्यानंतर मराठवाड्यातल्या पोरांची सुरू झाली. हे कळल्यावर काही ग्रुपनी साधा नियम केला: भागाचा क्रमांक पहिल्या ओळीत, मग दहा-बारा रिकाम्या ओळी, मग मजकूर. व्हॉट्सॲप लांब मजकूर ‘आणखी वाचा’खाली दडवतं, त्यामुळे हे चालतं. फोटो मात्र दडत नाही. स्पॉयलर, म्हणजे न पाहिलेल्याला आधीच कळलेली गोष्ट, फुटतो तो बहुतेक स्टेटसच्या फोटोतून.

चेहऱ्याची प्रतिक्रिया चित्रित करून टाकायची पद्धत २०१०च्या ‘किड्स रिॲक्ट’नंतर फोफावली. मराठीत करणाऱ्यांची गाडी ठरावीक ठिकाणी अडते. संगणकावर स्क्रीन रेकॉर्ड केली तर मालिकेच्या जागी काळी चौकट येते, कारण प्रवाह डीआरएमने, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाने, बंद असतो. रेकॉर्डरला दोष देऊ नये. चेहरा वेगळ्या फोनवर घ्यावा, भाग सुरू करताना एक टाळी वाजवावी, म्हणजे नंतर वेळ जुळवता येते. आवाज हेडफोनमध्येच ठेवावा. स्पीकरचं पार्श्वसंगीत माइकमध्ये शिरलं की यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते. तिचा दावा आला तर साधारणतः जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडतो. कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या कायदेशीर तक्रारीवरून मिळणारी ताकीद, वेगळी: ९० दिवसांत तीन झाल्या की वाहिनी बंद होऊ शकते. ‘दहा सेकंद दाखवले तर चालतं’ हा समज खोटा आहे. १९५७च्या कायद्याच्या कलम ५२मध्ये टीका आणि समीक्षेसाठी वाजवी वापराची मुभा आहे, सेकंदांचा आकडा नाही. नुसतं तोंड वासून पाहणं समीक्षेत बसवणं अवघड. थांबून बोललेलं बसू शकतं.

आणि कॉमिक वाचलेल्यांबद्दल. ‘इन्व्हिन्सिबल’चे १४४ अंक २०१८मध्येच संपले आहेत, त्यामुळे शेवट हवा त्याला आजच मिळतो. चांगल्या ग्रुपमध्ये त्यांच्यासाठी वेगळी खोली असते, आणि मुख्य ग्रुपवर त्यांनी फक्त झालेल्या भागाची कॉमिकशी तुलना करायची. ‘बघा पुढं काय होतंय’ एवढं म्हणणंसुद्धा स्पॉयलरच धरतात, कारण काहीतरी होणार आहे हे त्यातून कळतंच.