खांद्यात गोळा आणि वाटीची अदलाबदल का करतात?

खांद्याचा सांधा बदलायचं ठरतं, डॉक्टर एक्स-रे लावून समजावतात की वाटीच्या जागी गोळा बसेल आणि गोळ्याच्या जागी वाटी. त्यावर पेशंट नाहीतर सोबत आलेली मुलगी हमखास विचारते, “आहे तसाच नवीन का नाही बसवत?” तसाच बसवून पाहिला होता, अनेकदा. उलटाही बसवून पाहिला होता आणि तोही फसला होता. आज ‘रिव्हर्स शोल्डर’ म्हणून जे ऑपरेशन होतं, ते या दोन्ही अपयशांनंतरचं आहे.

खांद्याची मूळ अडचण त्याच्या रचनेतच आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि खांद्याच्या पात्यावरची वाटी लहान, उथळ. बशीत लिंबू ठेवावं तशी अवस्था. गोळा वाटीसमोर धरून ठेवण्याचं काम रोटेटर कफ, म्हणजे चार स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरा, करतात. खांद्याला बाहेरून गोलाई देणारा डेल्टॉइड हा स्नायू हात उचलतो खरा, पण सुरुवातीला त्याची ओढ सरळ वरच्या दिशेने असते. कफ शाबूत असेल तर तो गोळ्याला दाबून जागेवर ठेवतो आणि हात वर जातो. कफ पार फाटला, आक्रसला, की डेल्टॉइड नुसता गोळाच वर खेचतो. गोळा खांद्याच्या माथ्यावरच्या ॲक्रोमिअन हाडाला घासत राहतो, हात मात्र कमरेपाशीच. नस ठीक, स्नायूत ताकद, तरी हात लुळा पडल्यासारखा. घरचे घाबरून अर्धांगवायूचा डॉक्टर गाठतात, यात नवल नाही.

सांधा बदलण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न मात्र कफसाठी नव्हता, क्षयासाठी होता. 1893 मध्ये पॅरिसमध्ये झ्यूल एमिल पेआँ या सर्जनकडे 37 वर्षांचा एक बेकरीवाला आला. क्षयाने त्याच्या खांद्याचं हाड पोखरलं होतं आणि हात कापून घ्यायला तो तयार नव्हता. पेआँने मायकेल्स नावाच्या दंतवैद्याकडून कृत्रिम सांधा करून घेतला: दंडासाठी प्लॅटिनमची नळी आणि वर पॅराफिनमध्ये उकळून कडक केलेल्या रबराचा गोळा. दंतवैद्यच का? शरीरात धातू आणि रबर बसवण्याचा सराव तेव्हा त्यांच्याइतका कुणाला असणार! हात काही काळ चालला, पण क्षयाचा संसर्ग आतच होता. सुमारे दोन वर्षांनी सांधा काढावा लागला. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध यायला आणखी अर्धशतक होतं. तो सांधा आज अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

पुढचा मोठा टप्पा न्यूयॉर्कचा. सर्जन चार्ल्स नीअर यांनी 1950 च्या दशकात दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा चुरा झालेल्या रुग्णांसाठी व्हायटॅलियम या मिश्रधातूचा गोळा बसवायला सुरुवात केली आणि 1955 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. पुढे त्याला प्लॅस्टिकच्या वाटीची जोड मिळाली. ज्यांचा कफ धड होता त्यांना या सांध्याने उत्तम फायदा झाला, आजही होतो. कफ गेलेल्यांच्या खांद्यात मात्र धातूचा गोळाही वरच सरकायचा. वाटीच्या एकाच कडेवर भार पडून ती हलायची आणि सैल व्हायची. नीअर यांनाही हे उमगलं होतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी उलट्या रचनेचे एकामागून एक तीन नमुने केले आणि शेवटी तो नाद सोडला. कफ फाटल्याने होणाऱ्या या सांधेझिजेचं सविस्तर वर्णन त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये केलं. आजार नीट कळला होता, त्यावरचा सांधा हाती नव्हता.

1970 च्याच दशकात लंडनमध्ये केसल या सर्जननी आणि युरोप-अमेरिकेत इतरही काहींनी उलटे सांधे बसवले. कल्पना बरोबर होती: गोळा पात्यावर घट्ट रोवला तर दंड वर सरकणार नाही. पण हा गोळा मानेसारख्या दांड्यावर हाडापासून बाहेर काढलेला असायचा. हात उचलला की तेवढ्या अंतराची तरफ तयार होऊन सगळा जोर मुळाशी, स्क्रूंवर यायचा. पात्याचं हाड तिथे जेमतेम. स्क्रू उपटायचे, सांधा निखळायचा. उलटा सांधा हा चुकीचा रस्ता आहे, असं मत पडायला एवढं पुरेसं होतं.

फ्रान्समधल्या दीजों शहरातल्या पॉल ग्रामाँ यांनी ती मानच काढून टाकली. 1985 मध्ये त्यांनी केलेल्या सांध्यात गोळा थेट पात्याच्या हाडावर टेकलेला होता. त्यामुळे हात ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू हाडाच्या जवळ आला आणि स्क्रूंवरची ओढ कमी झाली. दुसरी गोष्ट, दंड थोडा खाली आणि आत आणला. डेल्टॉइड ताणला गेला, त्याला लांब तरफ मिळाली आणि कफचं काम तो एकटा करू लागला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी कल्पकता ही. अदलाबदल आधीच्यांनीही केली होती.

पहिल्या फेरीत तेही अडखळले. 1987 मध्ये त्यांनी आठ रुग्णांची माहिती छापली. दुखणं थांबलं होतं, पण हात कुणाचा छान वर गेला, कुणाचा फारसा नाही. गोळा पूर्ण गोलाच्या दोन तृतीयांश होता आणि सिमेंटने चिकटवलेला. तो सैल होऊ लागला. मग अर्धगोल आला, सिमेंट गेलं, मधली खुंटी आणि वेगवेगळ्या दिशांना जाणारे स्क्रू आले. 1991 पासून हा सांधा ‘डेल्टा 3’ नावाने युरोपात रुळला. अमेरिकेत मान्यता मिळायला 2003 उजाडलं. पुढे प्लॅस्टिकची वाटी पात्याच्या खालच्या कडेला घासून तिथे खाच पडते हे दिसल्यावर फ्रान्समधल्याच नीस शहरात ब्वालो यांनी मध्ये हाडाची चकती घालून आणि फ्लोरिडात फ्रँकल यांनी सांध्याची रचना बदलून फिरण्याचा बिंदू थोडा बाहेर आणला. आता म्हाताऱ्या माणसांच्या ठिसूळ हाडांचे अवघड फ्रॅक्चर आणि आधीचे फसलेले सांधे यांसाठीही हेच ऑपरेशन निवडलं जातं.

डिस्चार्जच्या वेळी हातात पडणाऱ्या कागदावरच्या सूचना याच भूमितीतून आल्या आहेत. सुरुवातीचे चारेक ते सहा आठवडे स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवून ठेवायची झोळी. कालावधी सर्जनप्रमाणे बदलतो. कोपर मागे, हात अंगालगत आणि तळवा पाठीकडे, या स्थितीत हा सांधा निखळण्याचा धोका सर्वांत जास्त. म्हणून ब्लाउजचे मागचे हूक लावायचे नाहीत, मागच्या खिशातून पाकीट काढायचं नाही, खुर्चीतून किंवा जमिनीवरून उठताना त्या हातावर रेटा द्यायचा नाही. झोपताना कोपराखाली उशी हवी, म्हणजे ते मागे कलत नाही. जमिनीवर बसायची सवय असलेल्या आजींना यातलं उठणं सर्वांत जड जातं. काही महिने उंच खुर्ची आणि कमोडची सोय आधीच करून ठेवावी. डाव्या खांद्याचं ऑपरेशन असेल तर संडासला कसं करायचं हे आधीच विचारून घ्यावं. लाजेपोटी ते कुणी विचारत नाही आणि डॉक्टरही आपणहून क्वचितच सांगतात.

व्यायाम आधी दुसऱ्याच्या आधाराने, मग स्वतःच्या ताकदीने. रोजची कामं साधारण तीन-चार महिन्यांत जमू लागतात, सुधारणा वर्षभर चालू राहते. डोक्यावर हात नेऊन वेणी घालणं बहुतेकींना पुन्हा जमतं, पाठीमागे हात पोचणं कित्येकींना पूर्वीइतकं जमत नाही. ताणलेल्या डेल्टॉइडचा भार ॲक्रोमिअनवर येतो आणि कधी त्या हाडाला बारीक तडा जातो. त्यामुळे बरं चाललेलं असताना खांद्याच्या माथ्यावर नव्याने दुखू लागलं, तर व्यायाम रेटत न बसता सर्जनला दाखवावं.

आणि एक तपासणी ऑपरेशन ठरण्याआधीची. डॉक्टर खांद्यावर बोटं ठेवून हात बाहेर ढकलायला सांगतात तेव्हा ते डेल्टॉइड आवळतो का, हे पाहत असतात. त्याची नस निकामी असेल तर हा सांधा सहसा बसवत नाहीत, कारण हात उचलायला दुसरं कुणीच उरलेलं नसतं.