तंतुमेघांतील बर्फाचे मोजमाप

ढग म्हणजे वाफ, हा समज शाळा सुटल्यानंतरही अनेकांच्या मनात टिकून राहतो. वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतात ते पाण्याचे सूक्ष्म थेंब किंवा बर्फाचे स्फटिक. पिंजलेल्या कापसासारखे उंचावर पसरणारे तंतुमेघ तर बर्फाचेच असतात. सूर्यप्रकाश बराचसा खाली येऊ देणारे, पण जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवणारे हे विरळ ढग पृथ्वीला किती ऊब देतात, हे त्यांतील स्फटिकांच्या आकारमानावर आणि एकूण बर्फावर ठरते. हेच मोजण्यासाठी युरोप आणि जपान यांच्या अंतराळ संस्थांचा ‘अर्थकेअर’ उपग्रह २८ मे २०२४ रोजी सोडण्यात आला. त्यावर ३५५ नॅनोमीटरचे अतिनील लेझर किरण सोडून परतणारा प्रकाश मोजणारा लायडर आहे आणि ९४ गिगाहर्ट्झचा रडार आहे.

एकाच ढगासाठी दोन उपकरणे कशाला? लेझरची तरंगलांबी स्फटिकापेक्षा कितीतरी लहान असल्यामुळे परतणारा प्रकाश ढोबळमानाने व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रडारची तरंगलांबी तीन मिलिमीटरहून थोडी अधिक, म्हणजे लहान स्फटिकांपेक्षा बरीच मोठी असते. तेथे प्रतिध्वनी व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. स्फटिक १० ऐवजी १०० मायक्रोमीटरचा झाला, तर लायडरचा संकेत शंभर पट होतो आणि रडारचा दहा लाख पट. दोन्ही संकेत स्फटिकांच्या संख्येच्या प्रमाणात असल्यामुळे त्यांचा भागाकार केला की संख्या निघून जाते आणि उरतो तो चौथा घात, म्हणजे केवळ आकारमान. आकारमान कळले की संख्या आणि बर्फाचे वस्तुमानही काढता येते. चारशे किलोमीटर उंचीवरून केलेला हा साधा भागाकार मला अतिशय सुंदर वाटतो.

अर्थात स्फटिक गोल नसतात, त्यामुळे त्यांच्या घडणीविषयी काही गृहीत धरावे लागते. चंद्राभोवती पडणारे खळे हा त्यांच्या षटकोनी घडणीचाच पुरावा आहे: प्रकाश त्यांतून साधारण २२ अंशांनी वळतो. त्यात अपशकुन शोधणे निराधार आहे.

शिवाय दाट ढगात लेझर लवकर विरतो आणि अतिसूक्ष्म स्फटिक रडारला जाणवत नाहीत. भागाकार चालतो तो दोघांनाही दिसणाऱ्या मधल्या पट्ट्यातच. अर्थकेअरच्या रडारने मात्र आणखी एक माहिती दिली आहे. डॉप्लर परिणामाच्या, म्हणजे हलत्या कणांवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलण्याच्या, आधारे ढगातील कणांचा वर-खाली होण्याचा वेग तो अवकाशातून मोजतो, आणि असे करणारा हा पहिलाच रडार आहे.