चहा बुडवला, पण स्वातंत्र्य मागितलं नव्हतं

बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला तेव्हाच अमेरिकनांनी स्वातंत्र्याचा चंग बांधला होता, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरं नाही.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. पण राग होता तो जिथे आपला प्रतिनिधीच नाही त्या ब्रिटिश संसदेने कर लावल्याचा. राजावरची निष्ठा बहुतेकांच्या मनात शाबूत होती. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैन्य आणि वसाहतींतल्या लोकांमध्ये गोळ्या झडल्या, तरी जुलैमध्ये वसाहतींच्या काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, ब्रिटनचा राजा तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्ज धाडलाच. त्याने तो स्वीकारलाही नाही.

मनं फिरली ती यानंतर, आणि त्यात एका पुस्तिकेचा वाटा फार मोठा. जानेवारी १७७६ मध्ये फिलाडेल्फियात 'कॉमन सेन्स' निघालं, लेखकाच्या नावाविना. लिहिणारा टॉमस पेन, जेमतेम वर्षभरापूर्वी इंग्लंडहून आलेला. तोवर लोक मंत्र्यांना दोष देत. पेनने थेट राजपदाला हात घातला. इंग्लंडच्या राजवंशाचा मूळपुरुष म्हणजे हत्यारबंद लुटारू घेऊन उतरलेला, लोकांच्या संमतीविना राजा झालेला माणूस, असं त्याने रोखठोक लिहिलं. बेटाने खंडावर कायम राज्य करावं हेच त्याला अजब वाटे. जॉन लॉकसारख्या तत्त्वज्ञांचे विचार शिकलेल्यांना ठाऊक होते. पेनने बायबलचे दाखले देत राजाविरुद्धचा युक्तिवाद कारागिरांपर्यंत नेला. (लाखाहून जास्त प्रती खपल्याचा आकडा खुद्द पेनचा, तो जपूनच घ्यावा.)

याच पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' पुढे पुण्यात जोतीराव फुल्यांनी वाचलं.