पार्श्वभूमी : कोकण किनारा आणि चक्रीवादळे

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि खाडीपलीकडे केळशी, आंजर्ले, हर्णै या पट्ट्यातल्या आगरांत पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पण पोफळ लावल्यावर धरायला सहा-सात वर्षे जातात. घरावर कौले महिन्याभरात चढतात, आगर तसे उभे राहत नाही.

कोकणाला वारा-पाऊस नवा नाही. चक्रीवादळ थेट अंगावर येणे मात्र क्वचितचे, आणि त्याचे कारण हवेतच आहे. चक्रीवादळ धरायला समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून उबदार लागते. शिवाय खालचे आणि वरचे वारे फार वेगळे असून चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रावर खाली नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर तितकाच जोरदार पूर्वेचा. वादळाचा पाया एकीकडे, माथा दुसरीकडे ओढला जातो. म्हणून धोक्याचे हंगाम दोनच : पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर. त्यातलीही बरीच वादळे ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे वळतात.

मग कोकणात टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीवर उतरणारी प्रचंड वावटळ, येईल का? वाऱ्यांमधला जो फरक चक्रीवादळ मोडतो, तोच टोर्नेडोला बळ देतो. खाली दमट हवा, तिच्यावर कोरडी आणि उंचावर जोरकस पश्चिमी वारे असे जुळून आले की गडगडाटी ढगच स्वतःभोवती फिरू लागतो. अमेरिकेत ३ आणि ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत १४८ टोर्नेडो झाले, ३०० हून अधिक माणसे गेली. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर-साटुरिया भागात एकाच टोर्नेडोने सुमारे १३०० बळी घेतले. आपल्याकडे वैशाखात समुद्रावरची दमट हवा असते, घाटावरून उतरणारी कोरडी हवाही असते. पण तोवर वरचे पश्चिमी वारे उत्तरेला सरकलेले असतात. कोकणाने भ्यायचे ते चक्रीवादळालाच.

आणि त्यात जीव जातो तो बहुधा समुद्रावरच्या माणसाचा. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ आले तेव्हा मासेमारी ऐन भरात होती; कोकणातल्या नौका खोल समुद्रात होत्या आणि कितीतरी खलाशी परतलेच नाहीत. बंदरांवर जुने तांडेल (नौकेचे प्रमुख) आजही वर्षाचा हिशेब ‘फयानच्या आधी, फयानच्या नंतर’ असा करतात. ‘निसर्ग’ त्याहून जोरदार होते, पण हंगाम सरत आला होता (पावसाळ्यातली मासेमारीबंदी एरवी १ जूनला लागते) आणि बाहेरच्या नौकांना आधीच परत बोलावले होते. बऱ्याच होड्या वर ओढलेल्या होत्या. वादळ पंधरा दिवस आधी आले असते, तर काय झाले असते याचा विचारही करवत नाही.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ ऐन सीझनमध्ये सिंधुदुर्गापासून किनाऱ्याकडेने वर सरकले. हापूसचा उरलेला माल झाडाखाली आला. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा तराफा बुडून ७० हून अधिक कामगार गेले. इशारा काही दिवस आधी मिळालेला होता. या मृत्यूंना मी नैसर्गिक आपत्ती म्हणणार नाही.

अशी वादळे आता वाढत आहेत. पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेच्या संशोधकांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ हे दोन काळ ताडून पाहिले, तेव्हा अरबी समुद्रातली चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. समुद्र तापतो आहे, हे त्यामागचे मोठे कारण. गावोगाव निवारे आणि जमिनीखालून वीजतारा हव्यातच, पण मे महिन्याचा उत्तरार्ध आधी हातात घ्यायला हवा : बंदी लागण्यापूर्वी चार पैसे अधिक मिळावेत म्हणून प्रत्येक नौका तेव्हा बाहेर असते, आणि पाणीही तेव्हाच सर्वांत तापलेले असते.