विद्यापीठात विकसित झालेलं तंत्रज्ञान कंपनीला कसं मिळतं? पात्रता, कागदपत्रं आणि करार

विद्यापीठातल्या शोधाचं पेटंट बहुतेक वेळा विद्यापीठाच्याच नावावर असतं. त्यामुळे प्राध्यापकांशी कितीही चांगली ओळख असली, तरी ते वापरण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा तो विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयाकडे. उपलब्ध तंत्रज्ञानाचा थोडक्यात परिचय तिथे कुणालाही मिळतो. अप्रकाशित पेटंट अर्ज आणि प्रयोगांचे आकडे मात्र गोपनीयता करारावर सही झाल्यानंतरच दाखवतात.

नोंदणीकृत कंपनी, मग ती मोठी असो वा नवी, सहसा अर्ज करू शकते. हाताशी रोकड नसलेल्या स्टार्टअपकडून काही विद्यापीठं शुल्काऐवजी शेअर घेतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाने पेजरँक या वेब पानांचं महत्त्व ठरवणाऱ्या पद्धतीच्या परवान्यापोटी गूगलचे शेअर घेतले होते, आणि पुढे ते विकून सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळवले.

नोंदणी प्रमाणपत्र, ताळेबंद, सहीचा अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव ही कागदपत्रं नेहमीचीच. खरा कस लागतो तो विकास आराखड्यात. नमुना कधी तयार होणार, चाचण्या कोण घेणार, पैसा कुठून येणार, हे टप्प्याटप्प्याने लिहा. पेटंट घेऊन कपाटात ठेवणारी कंपनी विद्यापीठाला नको असते. म्हणूनच टप्पे चुकले तर परवाना रद्द करण्याचं कलम करारात असतं. अजून खात्री नसेल तर आधी ऑप्शन करार करा. थोड्या शुल्कात काही महिने तंत्रज्ञान तुमच्यासाठी राखून ठेवलं जातं आणि तेवढ्यात तपासणी उरकता येते.

सगळे हक्क एकट्यालाच हवेत, असा हट्ट बरेच जण धरतात. माझ्या मते तो बहुधा महागात पडतो. एखादा सेन्सर तुम्ही फक्त वैद्यकीय उपकरणात वापरणार असाल, तर तेवढ्याच क्षेत्रापुरता अनन्य परवाना मागा. शुल्क कमी पडतं आणि विद्यापीठही लवकर तयार होतं. जनुक जोडणीच्या कोहेन-बॉयर पेटंटचा परवाना तर अनन्य नव्हताच. शेकडो कंपन्यांनी तो घेतला.

सही करण्याआधी संशोधनाला पैसा कुणी दिला, हे जरूर विचारा. अमेरिकेत केंद्र सरकारच्या निधीतून लागलेल्या शोधाला १९८०चा बे-डोल कायदा लागू होतो. तिथे विक्रीचा अनन्य परवाना हवा असेल, तर सवलत मिळाल्याशिवाय उत्पादन मुख्यतः अमेरिकेतच करावं लागतं. रॉयल्टीच्या, म्हणजे विक्रीतल्या वाट्याच्या, टक्क्यांइतकंच किमान वार्षिक रकमेकडे आणि पेटंटच्या खर्चाकडेही लक्ष द्या. विक्री शून्य असली तरी हे दोन्ही भरावे लागू शकतात.

पेटंटमध्ये पद्धत लिहिलेली असते, पण प्रयोगशाळेतला हातखंडा त्यात उतरत नाही. त्यासाठी संशोधकांशी सल्लागार करार किंवा विद्यापीठाशी प्रायोजित संशोधनाचा करार वेगळा करावा लागतो. तो परवान्याबरोबरच करा, कारण प्रत्यक्ष प्रयोग करणारा विद्यार्थी पदवी मिळताच दुसरीकडे जातो.