पुरातून निघालेली सेकंड हँड गाडी घ्यावी का? आधी पाणी आत काय करतं ते बघू

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हाचे फोटो बऱ्याच जणांना आठवत असतील, गाड्यांची नुसती टपं दिसत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात तर पाणी कित्येक दिवस हललंच नाही. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकता नगरीत पहाटे पहाटे सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं, आणि २६ जुलै २००५ ची मुंबई तर कोणी विसरणारच नाही, सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिलिमीटर पाऊस. आता प्रश्न असा की या सगळ्या गाड्या गेल्या कुठे? सगळ्या भंगारात गेल्या असं वाटत असेल तर तसं नाहीये.

होतं काय, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की इन्शुरन्सवाले साधारणपणे टोटल लॉस धरतात, मालकाला पैसे मिळतात आणि गाडी लिलावात जाते. लिलावात घेणारा कोणी पार्ट काढून विकतो, कोणी गाडी धुऊन, सीट कव्हर बदलून, पॉलिश मारून परत बाजारात आणतो, आणि आणतो ते शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अशा गाडीच्या मालकीच्या कागदावरच पुराचा शिक्का बसतो, आपल्याकडे आरसी बुकवर तसलं काही येत नाही. म्हणजे कागदाने ओळखता आलं तर थोडंफार, बाकी सगळं गाडीनेच सांगायचं. ती सांगते पण, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "अहो पाणी शिरलं होतं पण आता पूर्ण वाळलीये". खरं तर नुकसानाचा मोठा भाग गाडी वाळायला लागल्यावर सुरू होतो. लोखंड गंजायला पाणी लागतं तसा ऑक्सिजन पण लागतो, आणि गाडी पूर्ण पाण्याखाली असते तेव्हा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमीच असतो. पाणी ओसरलं की पत्र्यावर ओलाव्याचा पातळ थर राहतो, त्यातून हवा सहज पोचते आणि गंज तेव्हा जोरात धावतो. त्यात पुराच्या पाण्यात माती, क्षार, गटाराचं पाणी, सगळं मिसळलेलं. क्षारांमुळे पाण्यातून विद्युतप्रवाह सोपा जातो आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया, लोखंडातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि ऑक्सिजन ते घेतो, म्हणून खाडीचं किंवा समुद्राचं पाणी लागलेली गाडी नदीच्या पाण्यात बुडालेल्या गाडीपेक्षा कितीतरी वाईट. मुंबई, ठाणे, वसई, पनवेल भागात भरतीच्या वेळी साचलेल्या पाण्यात खारं पाणी किती होतं हे नंतर कोणी सांगू शकत नाही, म्हणून तिथल्या बुडालेल्या गाडीबाबत मी जास्तच सावध राहीन.

आता इंजिन. पाणी बाहेरून लागल्याने इंजिन सहसा मरत नाही, पाण्यात असताना कोणीतरी सेल मारला की मरतं. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घ्या, एका सिलिंडरचे झाले ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते तो आकडा, १० धरला तर पिस्टन अगदी वर आल्यावर वरती जागा उरते साधारण ३३ सीसी, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, पाण्याचं आकारमान १ टक्का कमी करायला साधारण २०० पट वातावरणाचा दाब लागतो. मग पिस्टन वर येतो, समोर पाणी, जागा नाही, आणि पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. याला गॅरेजमध्ये हायड्रोलॉक म्हणतात. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन अजून जास्त म्हणजे वरची जागा त्या मानाने अजून लहान, त्यामुळे तिथे अजून कमी पाण्यात काम तमाम.

रॉड तुटला तर निदान कळतं तरी. रॉड थोडासाच वाकला तर इंजिन चालू होतं, टेस्ट ड्राइव्हला ठीक वाटतं, फक्त तो एक पिस्टन पूर्ण वरपर्यंत पोचत नाही आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी भरतं. असा रॉड काही हजार किलोमीटरने हायवेवर ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. म्हणून आवाज ऐकून "इंजिन एकदम स्मूद" म्हणणाऱ्यावर जाऊ नका, मेकॅनिककडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, एकाचं बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी निघालं तर कारण कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. डिपस्टिक काढून ऑइल बघा, दुधाळ दिसलं तर पाणी आहेच, पण स्वच्छ दिसलं म्हणजे पाणी गेलंच नव्हतं असं नाही, ऑइल बदलायला अर्धा तास लागतो. गिअरबॉक्सचं ऑइल मात्र बदलायचं बरेच जण विसरतात, ते नक्की बघा.

इंजिन दुरुस्त होतं, पैसे गेले तरी होतं. वायरिंगचं तसं नाही, आणि माझ्या मते पुरातल्या गाडीचा निर्णय इंजिनवर नाही तर वायरिंगवर घ्यायला हवा. गाडीतली वायर म्हणजे तांब्याच्या बारीक तारांचा पिळलेला जुडगा, वरती प्लॅस्टिक. तारांच्या मधल्या फटीतून पाणी केशाकर्षणाने आत ओढलं जातं, म्हणजे टोक भिजलं तरी पाणी वायरीच्या आतून पुढे सरकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय चावी काढली तरी गाडीत बॅटरीचे १२ व्होल्ट काही ठिकाणी कायम असतात, सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, बॉडी कंट्रोलचं युनिट. बॅटरी लावलेली गाडी पाण्यात उभी असेल तर ओल्या कनेक्टरमध्ये शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं, धन पिनेवरचं तांबं विरघळतं आणि ऋण पिनेकडे जाऊन जमतं, कधीकधी त्याचे केसासारखे धागे तयार होऊन दोन पिना एकमेकींना जोडल्या जातात. पितळेच्या भांड्याची कल्हई गेल्यावर त्यात आंबट ठेवलं की जसं हिरवं कळकतं, तसाच हिरवट-निळा थर या पिनांवर दिसतो.

हे जवळून बघायचं असेल तर ड्रायव्हर सीटच्या खाली हात घाला. बहुतेक गाड्यांत तिथे एक पिवळा कनेक्टर असतो, पिवळा म्हणजे एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचा, तो स्वतः उघडू नका, ते काम जाणकार वायरमनचं, पण त्याच्या आजूबाजूला टॉर्च मारा. सीटच्या रेलमध्ये, म्हणजे सीट पुढेमागे सरकते त्या पट्टीत ग्रीसमध्ये अडकलेली बारीक गाळाची पूड दिसते का? सीटच्या खालच्या स्प्रिंगा आणि बोल्ट लालसर झालेत का? गाडी धुणारा वरचं सगळं धुतो, सीटची खालची बाजू कोणी धूत नाही. आणि बोल्टच्या डोक्यावर नवीन पान्याचे ओरखडे असतील तर सीट काढली होती, का काढली होती ते विचारा.

या वायरिंगचा त्रास लगेच येत नाही ही सगळ्यात वाईट गोष्ट. कनेक्टरमध्ये वाळलेल्या गाळातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. उन्हाळ्यात हवा कोरडी म्हणून गाडी मस्त चालते, जूनमध्ये दमट झालं की ते क्षार परत ओले, परत पिनांमधून विजेची गळती, परत काच मध्येच बंद पडते, मीटर नाचतो, गाडी सिग्नलला बंद होते, आणि मेकॅनिककडे नेली की तिथे नेमकी नीट चालते. सेन्सरचे सिग्नल बघा किती छोटे असतात, बरेचसे ५ व्होल्टवर चालतात, जुन्या पद्धतीचा ऑक्सिजन सेन्सर तर १ व्होल्टच्या आतच खेळतो, तिथे गंजाने थोडासा रोध वाढला की कॉम्प्युटरला चुकीचा आकडा जातो. म्हणून मार्च-एप्रिल-मे मध्ये स्वस्तात मिळणाऱ्या गाडीबाबत दुप्पट चौकशी करावी असं मला मनापासून वाटतं.

वासाचं पण विज्ञान आहे. पुराच्या मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो त्यात हेच असतं, आणि माणसाचं नाक ते लाखो-करोडो पटीने विरळ केलं तरी ओळखतं. कार्पेटच्या खाली जाड नमदा किंवा फोम असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि वरचं कार्पेट हाताला कोरडं लागलं तरी खालचा थर महिनोन्महिने दमट राहू शकतो, तिथे बुरशी आणि हे जिवाणू मजेत वाढतात आणि खालचा पत्रा आतून सडतो. तर गाडी बघायला जाल तेव्हा काचा बंद करून, एसी आतल्या हवेवर ठेवून जरा वेळ बसा. सेंटचा उग्र वास मारला असेल तर तो काढायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी परत या. मग डिकीतली स्टेपनी उचला, त्या खड्ड्याच्या कडेला गाळ आहे का बघा, सीटबेल्ट टोकापर्यंत पूर्ण ओढून बघा, शेवटच्या फूटभर पट्ट्यावर डागाची आडवी रेष असेल तर पाणी कुठवर चढलं होतं ते तिथेच छापलेलं आहे.

कागदांत एक गोष्ट हुशारीने बघता येते. इन्शुरन्सच्या आधीच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा टक्क्याने चढत जातो आणि क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्यावर येतो. गाडी एमएच-०९ (कोल्हापूर), एमएच-१० (सांगली) किंवा एमएच-०८ (रत्नागिरी, चिपळूण त्यातच) पासिंगची, आणि बोनस नेमका पुराच्या वर्षानंतर शून्य, तर विचारायला जागा आहे. अपघाताचाही क्लेम असू शकतो, पण मग त्याचं बिल दाखवा म्हणायचं. आणि पासिंग बघून सरसकट कोणाच्या गाडीवर संशय घेऊ नका, कोल्हापूरची हजारो लोकं चांगल्या गाड्या वापरतात.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर वेगळा विचार. बॅटरी पॅकला बहुतेक वेळा आयपी-६७ असतं, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, त्यापुढची हमी नाही. पूर दिवसभर राहतो. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन चक्रीवादळाच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांना पाणी ओसरल्यानंतर आगी लागल्या होत्या. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, आणि बिल्डिंगखाली तर मुळीच उभी करू नये.

मग पेट्रोल-डिझेलची घ्यायचीच नाही का? पाणी कुठवर आलं होतं त्यावर आहे. नुसतं फ्लोअरपर्यंत, पावसाचं पाणी, गाडी पाण्यात चालू केली नाही, टोचन करून लगेच गॅरेजला नेली, कार्पेट काढून वाळवलं आणि त्याचं बिल-फोटो मालकाकडे आहेत, अशी गाडी भाव पाडून घ्यायला मला हरकत वाटत नाही. सीटच्या बैठकीपर्यंत पाणी आलं असेल तर घासाघीस सुरू करायच्या आधी वायरिंग, सगळी ऑइलं, व्हील बेअरिंग आणि ब्रेक ऑइल यांचा खर्च किमतीतून वजा करा. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, डॉट ४ चं ताजं असताना उकळायचं तापमान किमान २३० अंश, पाणी मुरलं की ते १५५ पर्यंत खाली येतं आणि घाटात उतरताना पेडल मऊ पडतं. डॅशबोर्डपर्यंत पाणी आलेली गाडी मात्र सोडून द्या, रंग आणि किलोमीटर कितीही चांगले असोत.

आणि एअरबॅग. तिचं कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत दोन सीटच्या मधे, फ्लोअरवरच बसवलेलं असतं, म्हणजे पाणी आत आलं की पहिल्यांदा तेच भिजतं. चावी ऑन केली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझतच नसेल तर बिघाड आहे, आणि लागतच नसेल तर कोणीतरी तो काढला असण्याची शक्यता धरा. विकणारा "तो नुसता सेन्सरचा इश्यू आहे, पाचशे रुपयांचं काम" म्हणाला तर ते काम त्याला आधी करून आणायला सांगा आणि त्याचं बिल बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.